मुलांचे झाले, आता तुमचे सांगा

विहारात आरोग्य शिबिर असले की रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते, डोळ्यांचा नंबर काढला जातो. एक प्रश्न मात्र तिथे कुणी विचारत नाही : "ताई, तुम्हाला स्वतःला आयुष्यात अजून काय करायचे आहे?"

हा प्रश्न घरातल्या, शेजारच्या चाळिशी ओलांडलेल्या बाईला विचारून पाहा. ती आधी हसेल. मग म्हणेल, "मुलगा नोकरीला लागावा. मुलीचे शिक्षण पूर्ण व्हावे. पत्रा काढून स्लॅब पडावा." सगळ्या इच्छा रास्तच आहेत. पण त्यात तिची स्वतःची एकही नाही. पुन्हा विचारले तर उत्तर येते, "आता माझे काय राहिले?" पुरुषांचेही वेगळे नसते. रिक्षा चालवणारे, सफाईच्या कंत्राटावर जाणारे, नाक्यावर उभे राहणारे आपले भाऊ पन्नाशीतच म्हणू लागतात, "आमचे झाले, आता पोरांचे."

हे वाक्य ऐकून आपण त्या माणसाच्या त्यागाचे कौतुक करतो. माझे मत वेगळे आहे. "माझे काय राहिले" हे वाक्य मला लक्षणासारखे वाटते. अंगात ताप असताना आपण कौतुक करत नाही, कारण शोधतो. इथेही कारण शोधले पाहिजे. आणि त्यावरच्या उपायाची सुरुवात घरातच, दहा-वीस रुपयांच्या वहीपासून करता येते.

इच्छा जातात कुठे?

लहानपणी प्रत्येकाला काहीतरी हवे असते. कुणाला सायकल शिकायची असते, कुणाला चित्र काढायचे असते. कुणाला ढोलकी वाजवायची असते. विमान वर कसे राहते, समुद्राचे पाणी खारट का, असे प्रश्न पडत असतात. मग सातवी-आठवीत धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसावे लागते. वडील आजारी पडतात, काम धरावे लागते. लग्न होते. पाण्याची वेळ, रेशनची रांग, बचत गटाचा हप्ता, चार घरची धुणीभांडी यांत वीस वर्षे निघून जातात. इच्छा मरत नाही, पण ती कुणी विचारत नाही म्हणून आपणही विचारणे सोडून देतो.

आपल्या समाजात याला आणखी एक कारण आहे. आपल्या आई-बापांनी पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवली. त्या पिढीपुढे दुसरा रस्ता नव्हता आणि त्यांनी जे केले त्यावरच आज आपण उभे आहोत. पण त्यातून एक सवय लागली. स्वतःसाठी काही मागणे म्हणजे मुलांच्या ताटातले काढून घेणे, असे वाटू लागले. आता मुले मोठी झाली, काही कमावती झाली, तरी ती सवय सुटत नाही.

या सवयीचा त्रास मुलांनाही होतो. आईने स्वतःसाठी काहीच राखले नाही, तर तिची सगळी स्वप्ने पोराच्या दप्तरात जाऊन बसतात. त्याला दहावीत कमी गुण पडले की घरात सुतक पडल्यासारखे होते. कारण तिथे एक परीक्षा नापास झालेली नसते, दोन-तीन माणसांचे आयुष्य नापास झाल्यासारखे वाटते. इतके ओझे कुठल्या सोळा वर्षांच्या मुलाने उचलायचे? ज्या घरात आई स्वतःही काहीतरी शिकते आहे, तिथे मुलाला एवढे कळते की शिकणे परीक्षेबरोबर संपत नाही.

आरोग्याशी संबंध काय?

जपानी भाषेत 'इकिगाई' असा शब्द आहे. सकाळी उठावेसे वाटण्याचे कारण, असा त्याचा साधा अर्थ सांगता येईल. जपानच्या ओहसाकी भागात ४० ते ७९ वर्षांच्या ४३ हजारांहून अधिक लोकांना विचारले गेले की तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का. पुढे सुमारे सात वर्षे त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवली. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. "नाही" म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अधिक आढळला, विशेषतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूचा.

याचा अर्थ वहीत इच्छा लिहिली की हृदय दुरुस्त होते, असा कुणी घेऊ नये. आजारी आणि गरीब माणसाला मुळातच उमेद कमी असू शकते. पण एवढे खरे की ज्याला उद्यासाठी काहीतरी करायचे आहे, तो गोळी वेळेवर घेतो, चार पावले चालतो, बिडी-दारूपासून दूर राहायला त्याच्याकडे एक कारण असते. संध्याकाळी सात वाजता हार्मोनियम शिकायला जाणाऱ्या माणसाची ती संध्याकाळ तरी गुत्त्यावर जात नाही. डॉक्टरांनी "रोज अर्धा तास चाला" सांगितले की आपण चार दिवस चालतो आणि सोडतो. "दिवाळीनंतर कान्हेरीच्या पायऱ्या चढायच्या आहेत" असे ठरवले असेल, तर चालण्याला अर्थ येतो.

यादीची गोष्ट

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये जॉन गोडार्ड नावाचा एक मुलगा होता. पंधरा वर्षांचा असताना त्याने वहीत आयुष्यभर करायच्या १२७ गोष्टी लिहून काढल्या आणि त्या यादीला 'माझी जीवनयादी' असे नाव दिले. पुढे तो प्रवासी आणि शोधक म्हणून प्रसिद्ध झाला. दोन सोबत्यांबरोबर त्याने छोट्या होड्यांतून नाईल नदीचा प्रवास केला. त्याच्या यादीत एव्हरेस्ट होते, चंद्रावर जाणेही होते. ती दोन्ही त्याला साधली नाहीत. पण त्याच यादीत मिनिटाला पन्नास शब्द टाइप करणे होते, बासरी आणि व्हायोलिन वाजवायला शिकणे होते. म्हणजे मोठ्या आणि छोट्या इच्छा एकाच कागदावर शेजारी शेजारी बसल्या होत्या.

आज या कल्पनेचा बाजार झाला आहे. मरण्यापूर्वी पाहायची शंभर ठिकाणे, खायचे शंभर पदार्थ, अशा याद्या मोबाइलवर फिरतात आणि खाली सहलीच्या कंपनीची जाहिरात असते. ती खरेदीची यादी झाली. ती पाहून आपल्याला वाटते, हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. तसे वाटून घेऊ नका. अशा यादीची गरज कुणाला असेल, तर ज्याला आजवर कुणी "तुला काय हवे?" असे विचारलेच नाही त्याला.

आपल्याच माणसांकडे पाहा

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे शिक्षण प्राथमिक शाळेपुरते झाले. लहान वयात लग्न झाले, मुले झाली. नवरा-बायकोने छोटे दुकान चालवले. माल बांधायला रद्दी येई. दुकानात बसल्या बसल्या त्या त्या रद्दीतले कागद वाचत. मग वाचनालयातली पुस्तके वाचू लागल्या. वाचता वाचता लिहू लागल्या. घरचे काय म्हणतील या भीतीने ते लिखाण त्यांनी सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. १९८६ मध्ये ते 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तकरूपात आले आणि पुढे इंग्रजीतही गेले. आज विद्यापीठांत त्याचा अभ्यास होतो.

या गोष्टीत दोन बाजू आहेत. पुडी बांधायच्या कागदावर नजर टाकायला पैसा लागला नाही, वेगळा वेळ लागला नाही, कुतूहल लागले. ही एक बाजू. दुसरी बाजू त्या वीस वर्षांची आहे. बाईला स्वतःची इच्छा घरातच चोरून जपावी लागली. पहिली बाजू आपण भाषणात सांगतो. दुसरीबद्दल आपल्या घरात आज काय स्थिती आहे, ते प्रत्येकाने तपासावे.

शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या. १९८१ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली जीवनकहाणी लिहायला घेतली. 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे ते पुस्तक. निवृत्ती म्हणजे आता फक्त नातवंडे सांभाळायची, असे त्यांनी मानले असते तर मराठी साहित्य एका मोठ्या पुस्तकाला मुकले असते.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन दुपारी शाळेत जाऊ लागल्या. अंगठ्याच्या जागी सही करता यावी, एवढीच कित्येकींची इच्छा होती.

आणि बाबासाहेब. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. इथे आल्यावर संसार होता, नोकरी होती, अपमान होते. 'राहून गेले' म्हणायला एवढी कारणे पुष्कळ होती. त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. शाळेत अस्पृश्य म्हणून संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या जिद्दीने आत्मसात केले. उत्तरायुष्यात पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केले. त्याच काळात, प्रकृती साथ देत नसताना, ते व्हायोलिनही शिकत होते. व्हायोलिनने कुठला कायदा बदलणार नव्हता. ते फक्त त्यांच्या मनासाठी होते. इतके काम अंगावर असलेल्या माणसाने स्वतःच्या मनासाठी जागा ठेवली, हे आपण मुलांना फारसे सांगत नाही.

"पण तथागतांनी तर तृष्णा सोडायला सांगितली"

हा आक्षेप विहारात हमखास येईल. मग इच्छांची यादी कशाला? पालीमध्ये यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. 'तण्हा' म्हणजे तृष्णा : आणखी हवे, माझेच हवे, दुसऱ्यापेक्षा जास्त हवे अशी न भागणारी तहान. 'छन्द' म्हणजे काही करावेसे वाटणे. छन्द कशाचा आहे त्यावर तो चांगला की वाईट ते ठरते. चार इद्धिपाद सांगितले आहेत, त्यांतला पहिलाच छन्द आहे. त्यानंतर विरिय म्हणजे प्रयत्न, चित्त म्हणजे मनाची एकाग्रता आणि शेवटी वीमंसा म्हणजे तपासून, शोधून पाहणे. मराठीतला आपला 'छंद' त्याच घराण्यातला शब्द आहे.

यादी लिहिताना हाच फरक वापरा. शेजाऱ्याच्या टीव्हीपेक्षा मोठा टीव्ही, हे या वहीत लिहू नका. पोहायला शिकणे, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वर्षावासात दुसऱ्याकडून ऐकण्याबरोबरच एकदा स्वतः पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणे, हे जरूर लिहा.

यादी कशी करावी?

वही वेगळी असू द्या. हिशेबाच्या किंवा मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर नको. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा, किंवा मोबाइलमध्ये बोलून ठेवा. "मला लिहायला शिकायचे आहे" हीच पहिली इच्छा असू शकते.

तीन भाग करा : शिकायचे, पाहायचे, करायचे. सुरुवातीला प्रत्येकी तीन-चार ओळी पुरे. पहिल्या दिवशी काहीच सुचणार नाही. घाबरू नका. बारा-तेरा वर्षांचे असताना काय आवडायचे, ते आठवा. मग एक एक गोष्ट सुचत जाते.

एक नियम मात्र पाळा. मुलांचे यश, लग्न, घरदुरुस्ती या वहीत नाही. त्यासाठी बाकीचे सगळे आयुष्य आहेच.

चौथा भाग प्रश्नांचा ठेवा. साखर उपाशीपोटी का तपासतात? कान्हेरीच्या भिंतीवर जी अक्षरे कोरली आहेत ती काय सांगतात? आपली आजी कुठल्या गावची, तिने गाव का सोडले? आजीची एखादी मैत्रीण हयात असेल तर हा प्रश्न याच महिन्यात विचारा. काही प्रश्नांची उत्तरे माणसाबरोबर जातात.

या आठवड्यात होण्यासारखी एक तरी गोष्ट यादीत हवी. सगळे पुढच्या दहा वर्षांवर ढकलले तर वही कपाटातच राहील. आणि एखादी इच्छा नंतर नकोशी वाटली तर खुशाल खोडा. ही परीक्षा नाही, हिचा निकाल लागत नाही.

पैसा आणि वेळ

पैशाची अडचण खोटी नाही. पण पुष्कळ गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत आणि त्यांची माहिती नसते. एस.टी.च्या बसमध्ये सध्या महिलांना राज्यात अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे आणि ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास आहे. बोरिवलीची कान्हेरी, लोणावळ्याजवळची कार्ले आणि भाजे, नाशिकची त्रिरश्मी, जुन्नरची लेणी, ही आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेची आणि हातांची ठिकाणे आहेत. व्यापारी, कारागीर, भिक्खुणी अशा माणसांनी दिलेल्या दानाची नोंद कान्हेरीच्या शिलालेखांत आहे. डबा बांधून एका दिवसात जाऊन येता येते. ती अक्षरे वाचण्यासाठी आपली तरुण मुले ठिकठिकाणी धम्मलिपी शिकवतात. पन्नाशीच्या मावशीने त्या वर्गात बसायला कुणाची हरकत असणार?

दहावी-बारावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षेला बसता येते. त्याची मुदत आणि अटी जवळच्या शाळेत विचारा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-संसार करणाऱ्यांसाठीच चालते. शहरांत रात्रशाळा आहेत. विहाराच्या कपाटात कुलूपबंद पडलेली पुस्तके आहेत. त्या कपाटाची किल्ली मागून घ्या.

वेळेचा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि तो बाईने एकटीने सोडवायचा नाही. दिवसाचे सगळे तास तिच्याकडून काढून घेऊन "तू स्वतःसाठी काही का करत नाहीस?" असे विचारणे हा अन्याय आहे. घरातल्या प्रत्येकाने आठवड्यातून दोन संध्याकाळी एक काम उचलावे. भांडी मुलाने घासावीत, पाणी नवऱ्याने भरावे, सासूने नातवाला घ्यावे. दोन संध्याकाळी एक-एक तास. महिन्याला आठ तास होतात. आठ तासांत बाई सायकलवर तोल सांभाळायला शिकते. समतेवर भाषण देणाऱ्या भावांनी हे दोन तास आधी घरात द्यावेत, एवढीच विनंती.

पुरुषांनीही आपली वही करावी. तरुणपणी गायन पार्टीत कोरसला बसणारे कितीतरी जण आज गप्प बसलेले दिसतात. ढोलकी माळ्यावर पडली आहे. ती खाली काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

"लोक काय म्हणतील" याला उत्तर एकच, सोबत. महिला मंडळाने महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या वंदनेनंतर, प्रत्येकीला तिच्या वहीतली एकच ओळ वाचायला सांगावे. सहा जणींना पोहायला शिकायचे आहे असे कळले, की पालिकेच्या तलावावर बायकांची वेळ चौकशी करायला एकटीने जावे लागत नाही. हसणारे चार दिवस हसतील. पाचव्या दिवशी त्यांच्याच घरातली कुणीतरी विचारायला येईल.

वहीने भागत नाही तेव्हा

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कशातच मन लागत नाही, पूर्वी आवडणारे काहीच आवडत नाही, मन सतत उदास आहे, झोप आणि भूक बिघडली आहे, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालले आहे, तर ते आळस नाही, नैराश्याचा आजार असू शकतो. अशा माणसाला "यादी कर, बरे वाटेल" असे सांगू नका. त्याला दवाखान्यात घेऊन जा. रक्त कमी असणे, थायरॉईडचा बिघाड, वाढलेली साखर यांनीही माणूस मलूल होतो. म्हणून आधी रक्त तपासा. पाळी जाण्याच्या वयात होणारा त्रासही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. मनाच्या त्रासासाठी सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र चालू असते आणि मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका आणि लगेच मदत मिळवा.

बाकीच्यांनी आजच वही आणावी. पहिल्या पानावर आपले पूर्ण नाव लिहावे. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचा बाप असे नाही, फक्त आपले नाव. त्याखाली एक इच्छा आणि एक प्रश्न. पुढच्या शिबिराला याल तेव्हा रक्तदाबाच्या कागदाबरोबर ही वहीही पिशवीत असू द्या. त्या दिवशी तुम्हाला विचारले, "ताई, तुमचे स्वतःचे काय चालले आहे?", तर सांगायला काहीतरी असले पाहिजे.

जयभीम.